दगडाला ताक

पोळ्याची कर होती. आदल्या दिवशीच्या पुरणाचा वास घरातून अजून गेला नव्हता. करीला आमच्याकडं नवं काही सुरू करत नाहीत, म्हणून मी उरलेल्या पोळ्या फडक्यात गुंडाळत निवांत बसले होते, तेवढ्यात सोजरबाईचा फोन आला. सोजरबाई म्हणजे आमच्याच धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत माझ्या नणंदेला, अक्कांना, दूध घालणारी गवळण. ही बाई फोनवर कायम ओरडूनच बोलते, वाशीहून धाराशिवपर्यंत आवाज आपणच पोचवायचाय असं समजून. त्या दिवशी मात्र हळू बोलली. "वहिनी, अक्का दगडापाशी पडल्यात. हलवून बगितलं… उठंनात. तुमी या. आन् एकल्या नका येऊ." माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते एवढंच, की एकट्या नका येऊ असं ही का म्हणाली?

ते वाशीला पोचल्यावर कळलं. आमचे हे आणि मी जीप करून गेलो. गल्लीत शिरलो तर रस्त्यावर आदल्या दिवशीच्या बेगड्या, गुलाल, झुलींचे दोरे पडलेले, आणि भर दुपारी एकूणएक दार लावलेलं. मयताच्या घरासमोर चपलांचा ढीग असतो, बाया उंबऱ्यापाशी दाटीवाटीनं बसलेल्या असतात, कुणी पाणी आणतं, कुणी फोन लावतं. इथं फाटकापाशी सोजरबाईच्या रबरी चपला तेवढ्या होत्या. अक्का मागच्या अंगणात, मोठ्या दगडाच्या सावलीकडच्या बाजूला पडल्या होत्या… पडल्या काय, निजल्यासारख्या होत्या. गाल दगडाला टेकलेला, हातात रंगाचा जुना ब्रश, शेजारी ताकाचा डबा कलंडलेला. सोजरबाई पदरानं माश्या वारत होती. तिनं सकाळी ताक दिलं तेव्हा अक्का चांगल्या बोलल्या होत्या. दुपारी रिकामा डबा न्यायला आली तर हे असं. आम्ही त्यांना उचललं तेव्हा त्यांच्या गालावर शेवाळाचा हिरवा ठसा उमटलेला होता. मी तो पुसला नाही. खांदा द्यायला गल्लीतला एकही पुरुष आला नाही. दवाखान्यातली जुनी माणसं आली म्हणून निभावलं.

वाशीत त्यांना सगळे सिस्टर म्हणत. आमच्यासाठी अक्का. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, लग्नानंतर लवकरच एकटी पडलेली, आणि मग उभा जन्म सरकारी दवाखान्याच्या नोकरीत घालवलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सगळ्यांनी बजावलं होतं, नणंद कडक आहे, सांभाळून राहा. कडक कसली! पहिल्याच दिवाळीत मला म्हणाल्या, "सुमन, तुझी चकली दातांना लागंना गं, घशातच विरघळायली. कशी केली ते सांग, न्हायतर रेसिपी चोरून नेते." मी म्हटलं, "अक्का, मोहन जास्त पडलं, चूक झाली." तर म्हणे, "चूक अशी चवदार असंल तर रोज कर." आमचं नणंद-भावजयीचं नातं असं चालायचं. भांडणं झाली, नाही असं नाही, पण अबोला कधी दुपारच्या जेवणापलीकडं टिकला नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी वाशीच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी प्लॉट घेतला. तो प्लॉट कुणी घेत नव्हतं, कारण मधोमध भला थोरला काळा दगड होता. शेजारच्या सगळ्यांनी आपापल्या जागेतले दगड ब्रेकर लावून फोडले होते. अक्कांनी घर एका बाजूला बांधलं आणि दगड तसाच ठेवला. हे चिडले, "अक्का, अंगणात म्हैस बसल्यागत दिसतंय ते." त्या म्हणाल्या, "असू दे की. दाणा मागत न्हाय, वैरण मागत न्हाय." मग त्या दगडाभोवती त्यांनी लहानमोठे दगड रचले, मध्ये मध्ये नेचे लावले, एका फटीत कळलावी घातली, तेरडा आपोआप आला. पण खरा जीव लागला तो शेवाळावर.

शेवाळ म्हटलं की आपल्याला विहिरीतलं, पाय घसरवणारं, बुळबुळीत काहीतरी आठवतं. हे ते नव्हे. हे आपल्या काळ्या दगडावरचं, बुटकं, दाट, बोटाला मखमलीसारखं लागणारं. दगडाच्या सावलीकडच्या बाजूला ते आधीपासूनच होतं. अक्का म्हणायच्या, ह्याला खरं मूळ नसतं, नुसतं धरून बसतं. भिंग हातात देऊन त्यांनी मला दाखवलं होतं, कोरडं असताना त्याची बारकी पानं विड्यासारखी आत गुंडाळलेली असतात आणि पाणी पडलं की चांदणीसारखी उघडतात. आपल्या भागातल्या उन्हाळ्यात ते काळंठिक्कर पडतं, हात लावला तर भुगा होईल असं वाटतं. "मेलं हे," मी म्हटलं होतं. त्यांनी तांब्याभर पाणी घेतलं, वरून धार सोडली, आणि माझा हात धरून मला तिथंच उभं केलं. चहाला आधण यायलाही जास्त वेळ लागत असेल… डोळ्यांदेखत तो काळा दगड हिरवा होत गेला. माझ्या अंगावर काटा आला. अक्का हसत होत्या. "मरत न्हाय गं हे. थांबतं."

एकदा सोलापूरच्या वाटेवर आम्ही एका मोठ्या हॉटेलात चहाला थांबलो. तिथं दारातच दगडांची बाग केलेली, दगडांवर हिरवागार गालिचा अंथरलेला. अक्कांनी नखानं एक कोपरा उचलून बघितला, तर खाली प्लास्टिकची जाळी. थंड मुलखातून पिशव्या भरून आणलेलं शेवाळ होतं ते. मॅनेजरला बोलावून म्हणाल्या, "बाबा, हे परगावचं लेकरू आहे, हितलं ऊन त्याला सोसणार न्हाय. तुमच्या मागच्या मोरीच्या भिंतीवर हितलं उगवलंय, ते लावा." मॅनेजर मोरीचं नाव ऐकून खजील झाला, आणि मी तोंड लपवून चहा प्याले. संक्रांतीनंतर पुन्हा गेलो तर सगळा गालिचा वाळून पिवळा झालेला. अक्कांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. टेकडीवरून मात्र त्यांनी कधी चिमूटभरसुद्धा खरवडून आणलं नाही. दवाखान्याची जुनी भिंत पाडली तेव्हा तिचे शेवाळलेले दगड तेवढे ट्रॉलीतून घरी आणले, आणि म्हणाल्या, एवढी वर्षं ह्याच भिंतीला टेकून डबा खाल्लाय.

नव्या दगडांवर शेवाळ धरावं म्हणून त्या ताक लावायच्या. शेवाळाचा चुरा ताकात कालवायचा आणि ऊन यायच्या आत, सकाळीच, ब्रशनं दगडाला लावायचा. आता ताक कुठून येणार? तर सोजरबाईकडून. तिच्या घराण्यात अमावस्येचं दूध विकायची रीत नाही. ते दूध घरातच विरजतात, दुसऱ्या दिवशी घुसळतात, आणि ताक तर आपल्याकडं कुणी विकतच नाही, मागेल त्याला वाटून टाकतात. म्हणून अमावस्या उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाई डबाभर ताक आणून द्यायची, आणि अक्का ब्रश घेऊन दगडापाशी बसायच्या. इतकं साधं होतं सगळं. पण गल्लीच्या नजरेनं बघा. एकटी बाई, मूल ना बाळ, दर अमावस्या झाली की पहाटे उठते आणि काळ्या दगडाला ताक पाजते.

आपल्या मराठवाड्यात ह्याला काय म्हणतात ते मी सांगायला नको. तो शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही, नुसतं "तसलं" म्हणतात. पण कळायचं ते सगळ्यांना कळतं.

शेजारच्या घरात मंदा नावाची सून आहे. तिच्या खिडकीतून अक्कांचं अंगण दिसतं. एका उन्हाळ्यात तिनं अक्कांना दगडावर पाणी ओतताना बघितलं, आणि दगड हिरवा होताना बघितला. मला अक्कांनी हात धरून समजावून सांगितलं होतं. मंदाला कुणी सांगितलं नव्हतं. बायकांत ती म्हणाली, "म्या माझ्या डोळ्यानं बगितलं, दगड जित्ता केला." त्यावर पुढं एक भलतंच झालं. मंदाच्या नणंदेच्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी घरात बिब्बे फोडून गोडंबी काढली होती. चार दिवसांनी मंदाच्या हातावर, मानेवर बिब्ब्याच्या तेलानं काळपट फोड उठले. ती कुंपणापाशी धुणं वाळत घालत होती, अक्कांनी लांबूनच बघितलं आणि नर्सबाईच्या सवयीनं म्हणाल्या, "मंदा, बिब्बा उतलाय गं तुझ्या अंगावर. खोबरेल लाव, खाजवू नको." झालं! जवळ न येता, हात न लावता हिला बिब्बा कसा कळला? भानामतीत अंगावर बिब्ब्याच्याच फुल्या उठतात असं लोक मानतात. अक्कांनी औषध सांगितलं, आणि गल्लीनं तो कबुलीजबाब समजला. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं! ह्याच अक्कांनी मंदाच्या नवऱ्याला तान्हेपणी लशी टोचल्या होत्या. मला आजही हे लिहिताना राग राग येतो.

तेव्हापासून पोरं अंगणात येईनाशी झाली. आधी कळलावीची फुलं बघायला यायची. मग मंगळसूत्र झाकून बाया फाटकासमोरून जायला लागल्या. एके दिवशी मी वाशीत होते. सकाळी फाटक उघडायला गेले तर कडीला लिंबू लटकत होतं, हळदकुंकू माखलेलं आणि मधोमध सुई खुपसलेलं. मी किंचाळले. अक्का आतून आल्या, लिंबू काढलं, नळाखाली स्वच्छ धुतलं, सुई ओढून पुसली आणि आपल्या शिवणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. लिंबाचं म्हणाल तर दुपारी सरबत झालं. मी घोटसुद्धा घेतला नाही. "अगं पी की," म्हणाल्या, "उन्हाळ्यात लिंबू फुकट कोण देतं? आन् सुई बी चांगली निघाली, तिनं तुझ्या ब्लाउजाचं हूक लावून देते." मी म्हटलं, "अक्का, थट्टा नको. पोलिसात जाऊ. कायदा आहे ह्यासाठी." त्या म्हणाल्या, "कुणाचं नाव सांगू? हितल्या निम्म्या पोरांच्या नाळा मी कापल्यात." त्यानंतर आणखी एकदा असं लिंबू आल्याचं त्यांनी फोनवर सांगितलं, तेही हसत हसत. मला वाटलं, एवढंच.

ह्या वर्षी जूनमध्ये मात्र त्या हसल्या नाहीत. सकाळी उठून बघतात तर मोठ्या दगडाच्या सावलीकडच्या अंगावर कुणीतरी बाथरूम धुवायचं ॲसिड ओतलेलं. मी गेले तेव्हा दगडावर वरपासून खालपर्यंत पांढरट ओघळ होते आणि त्यांच्या वाटेतलं शेवाळ पिवळं पडून सुटून आलं होतं. तो वास नाकातून दिवसभर गेला नाही. अक्का पाट टाकून त्याच्यासमोर बसल्या होत्या, जसं आपण आजाऱ्याच्या उशाशी बसतो. "पाणी घालून बघितलं," म्हणाल्या, "ह्या खेपेला उघडलं न्हाय." त्या दिवसापासून त्या रात्री फाटकाला कुलूप लावायला लागल्या, आणि बोलता बोलता मध्येच थांबून कुंपणाकडं कान द्यायला लागल्या. मी हट्टच धरला. धाराशिवला चला, वरची खोली रिकामी आहे, गच्चीवर पाहिजे तेवढे दगड रचा. त्या म्हणाल्या, "सुमन, मी हितून गेले ना, तर त्यांचं खरं ठरंल. मग ते पुढच्या बाईला सोडायचे न्हाईत." पालथ्या घड्यावर पाणी घालायला मी वेडी नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटलंही होतं. म्हणूनच भीती जास्त वाटत होती.

पोळ्याच्या दिवशी आमचं शेवटचं बोलणं झालं. त्यांनी मातीचे बैल पुजले होते, पुरण पातळ झालं म्हणून स्वतःलाच शिव्या घालत होत्या. "आज आवस, उद्या सोजर ताक आणंल," म्हणाल्या, "ॲसिड पडलं तिथंच लावणार. पाऊस बरा झालाय, धरंल." मी म्हटलं, "उद्या कर आहे अक्का, नवं काही करू नका." "नवं कुठं गं?" म्हणाल्या, "जुनंच आहे." आणि फोन ठेवला…

डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका. मी विचारलं, लगेच गेल्या का? त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "सांगता येत नाही. थोडा वेळ असतील. वेळेवर कुणी आणलं असतं तर…" आणि वाक्य तसंच सोडून ते पुढच्या पेशंटकडं वळले.

तेराव्यानंतर मी घर आवरायला गेले. कपडे बाहेर काढत होते तेव्हा कुंपणापलीकडून कुणीतरी हाक मारली. मंदा होती. डोळे सुजलेले, पदर तोंडावर. म्हणाली, "काकू, एक सांगायचंय. म्या बगितल्या होत्या त्यांना." मला वाटलं दुपारी. "न्हाय. सकाळी. पोराचा डबा करायले होते. त्या दगडावर गाल टेकून पडल्या होत्या. एक हात हलायला होता. ब्रश असा… घासल्यागत." ती सांगत होती, "मला वाटलं, त्या तसलंच कायतरी करायल्यात. आवस झालेली, ताक सांडलेलं… असल्या येळी मधी हाक मारली तर आपल्यावर उलटतं म्हन्त्यात. म्या खिडकी लावून घेतली. सासूबाईस्नी सांगितलं, त्या म्हन्ल्या बगू नको. दोन-तीन बाया येऊन फटीतून बगून गेल्या. सगळ्यास्नी तसंच वाटलं, काकू. कुनाच्याच ध्यानात आलं न्हाय की त्या मरायल्यात म्हनून."

मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खोटं कशाला बोलू? हात उचललाही गेला होता. पण ती कुंपणाच्या पलीकडं होती, आणि एवढं सगळं सांगून झाल्यावरसुद्धा तिचे डोळे माझ्यावर नव्हते, माझ्या मागच्या दगडावर होते. ती अजूनही त्याला भीत होती. रडत होती खरी, पण कुंपणाला हात लावत नव्हती. माझा राग तिथंच गार पडला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. ते अजून हललेलं नाही.

त्याच दिवशी मला अक्कांचा शिवणाचा डबा सापडला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, वर गुलाबाचं चित्र. सुईदोरा हवा होता म्हणून उघडला. आत दोऱ्याची रिळं, बटणं, एक कात्री… आणि खाली सुया. मूठभर सुया! काही गंजून काळ्या पडलेल्या, काही अजून चकचकीत, काही जाड दाभणासारख्या, काहींच्या नेढ्यात लाल दोऱ्याचा तुकडा तसाच अडकलेला. एकट्या बाईला शिवायला एवढ्या सुया लागत नाहीत. मला दोन लिंबं ठाऊक होती. बाकीची सगळी त्यांनी एकटीनं काढली, धुतली, पिळली आणि मला फोनवर पुरण पातळ झाल्याचं सांगितलं. मी तो डबा मांडीवर घेऊन खूप वेळ बसले होते. अक्का, एकदा तरी सांगायचं होतं हो…

आमचे हे म्हणतात, विकून टाकू. एक गिऱ्हाईक आलं होतं, फाटकापर्यंत. गल्लीतल्या कुणीतरी त्याच्याशी दोन शब्द बोललं आणि तो आत न शिरताच मोटरसायकलवर बसून गेला. म्हणजे घर विकलं जायचं नाही, आणि कुणी राहायलाही येणार नाही. ते तसंच उभं राहील आणि गल्ली सांगत राहील, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? हा विचार मला धाराशिवला झोपू देईना. सर्वपित्री अमावस्येला सोजरबाईला फोन केला. म्हटलं, "उद्या ताक ठेव." ती म्हणाली, "वहिनी, कामून जीवाला घोर लावून घेता?" मी म्हटलं, "ठेव गं."

घटस्थापनेच्या सकाळी मी वाशीत होते. ऊन यायच्या आत दवाखान्याच्या भिंतीच्या दगडावरून चिमूटभर शेवाळ खरवडलं, ताकात कालवलं, आणि ॲसिडाचे पांढरे ओघळ जिथं होते तिथं अक्कांचा ब्रश फिरवला. मोठं शहाणपणाचं काम केलं असं नाही म्हणत. मला धड जमलंही नाही, निम्मं ताक पायावर सांडलं. झाल्यावर मी खाली बसले, आणि काय मनात आलं कोण जाणे, गाल दगडाला टेकवला. गार होता दगड. तिथून काय काय ऐकू येतं ते त्या दिवशी मला कळलं. शेजारचा मिक्सर ऐकू येतो. कुकरची शिट्टी ऐकू येते. कुणीतरी पोराला दप्तर भर म्हणून ओरडतं, तेही शब्दन्‌शब्द ऐकू येतं. आणि हाक मारली तर इथून तिथं नक्की ऐकू जाईल, इतकं ते घर जवळ आहे. मी हाक मारली नाही. तशीच पडून राहिले, एक डोळा उघडा ठेवून. मंदाच्या खिडकीचा पडदा हलला. तिचा चेहरा दिसला. ज्या बाईनं माझ्यासमोर रडून सगळं सांगितलं होतं, ती मला बघत होती. मी वाट बघितली. मनातल्या मनात म्हणतही होते, मार गं हाक, एकदा तरी म्हण, काकू, काय झालं?

खिडकी लागली. आतून कडी घातल्याचा आवाजही आला.

मी उठले, हातपाय धुतले. गालावर हात फिरवला तर बोटं हिरवी झाली. सोजरबाईला ताकाचा डबा परत द्यायला फाटकाकडं गेले, तर कडीला लिंबू होतं. मी आले तेव्हा ते नव्हतं. ताजं होतं, देठाला पानसुद्धा होतं. अक्कांनी केलं तसंच केलं. लिंबू नळाखाली धुतलं, सुई ओढून काढली, पदराला पुसली आणि शिवणाच्या डब्यात टाकली. झाकण दाबून बघितलं. ते आता नीट बसत नाही.